गिटारची दांडी आणि इथली हवा

गिटारची दांडी घरी घडवायची, तर ठाणे-डोंबिवलीत रंधा-पटाशीआधी विचार करावा लागतो तो हवेचा. जुलैत लाकूड ओल पितं, उन्हाळ्यात सोडतं. लांबीत ते जवळपास बदलत नाही, पण आडवं फुगतं-आकसतं. आणि दांडीसाठी साग घेतला, तर त्यात वर्षवलयांच्या दिशेने जेवढी आकसण होते, तिच्या निम्म्याहून कमी वलयांना काटकोनात होते. म्हणून वखारीत फळीचं टोक निरखून पाहावंच. वलयांच्या रेघा तिथे उभ्या दिसल्या तर फळी घ्यावी आणि काही महिने घरात मुरू द्यावी. साग तेलकट असतो. सांधा चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसून घ्यावा.

मिरजेचे सतार घडवणारे कारागीर दांडीला मात्र तुणीचं लाकूड वापरतात. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, वादक ते सरकवून सूर जुळवतो. गिटारचे पडदे मात्र कायमचे ठोकलेले, त्यामुळे सगळी भिस्त मापावर. उघड्या तारेची लांबी ६४८ मिलिमीटर धरली, तर तिला १७.८१७ ने भागायचं: पहिला पडदा तारेच्या खुंट्यांकडच्या टोकापासून ३६.४ मिलिमीटरवर. उरलेल्या लांबीला पुन्हा तोच भागाकार, असं करत बारावा पडदा बरोबर मध्यावर, ३२४ मिलिमीटरवर यायलाच हवा. प्रत्येक खूण त्या खुंट्यांकडच्या टोकापासूनच मोजावी, आधीच्या खुणेपासून नव्हे. नाहीतर बारीक चुका साठत जातात.

तारांचा एकत्रित ताण पन्नास किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. त्यापुढे दांडी वाकू नये म्हणून आत पोलादी सळई बसवतात, आणि तिचा चर पडदे ठोकायची पट्टी चिकटवण्याआधीच खोदावा लागतो.