पथ्याची भाजी आणि प्लास्टिकचे छत

'पडवळ, दोडका, तांदुळजा घ्यावा' असे आपण सर्वच वैद्य रुग्णाच्या चिठ्ठीवर लिहितो. ती भाजी कोणत्या पाण्यावर वाढली, तोडणीपूर्वी किती दिवस आधी तिच्यावर फवारणी झाली, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. धंतोलीतील आमच्या चिकित्सालयामागे वीस फूट लांब व दहा फूट रुंद जागा पडून होती. तेथे पथ्याची भाजी स्वतः पिकवून पाहावी, या हेतूने आम्ही एक लहान पॉलिहाऊस, म्हणजे कमानींवर ताणलेला प्लास्टिकचा बोगदा, उभारला. तो अनुभव व्यवसायबंधूंपुढे ठेवीत आहोत.

लोखंडी पाइपाच्या सहा कमानी चार-चार फुटांवर रोवून त्यांवर २०० मायक्रॉन जाडीचा, अतिनील किरणांना टिकणारा प्लास्टिक कागद ताणला. येथील काळी माती पाणी धरून ठेवते. म्हणून फूटभर उंचीचे गादीवाफे करून ठिबकच्या नळ्या अंथरल्या.

प्लास्टिकच्या छताखालील शेतीचा आरंभ १९४८ साली अमेरिकेतील केंटकी विद्यापीठात एमर्ट यांनी केला, तो काचगृहाला स्वस्त पर्याय म्हणून. म्हणजे मूळ हेतू ऊब धरून ठेवण्याचा. आपल्याकडे तळेगाव दाभाडे परिसरात या छताखाली गुलाब व जरबेरा उत्तम येतात. पण तेथील हवा निराळी. २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान सोसलेल्या नागपुरात ऊब कोणाला हवी? विक्रेत्याने 'छत वर्षभर असेच राहू द्या' असे सांगितले आणि आम्हीही ते मानले. फेब्रुवारीअखेर एका दुपारी दोन्ही टोकांचे पडदे उघडायचे राहून गेले. सायंकाळी रुग्ण आटोपून पाहतो, तो मेथी व पालक उकडल्यासारखे आडवे झालेले.

तेव्हापासून छतालाही ऋतुचर्या लावली. मार्चमध्ये कागद काढून ५० टक्के सावलीची शेडनेट चढवतो. मृग लागला की छतावर पुन्हा कागद, बाजूंना मात्र जाळी. त्यामुळे मुसळधार पावसाचा मारा पानांवर बसत नाही. थंडीत पारा दहाच्या खाली उतरू लागला की रात्रीपुरते पडदे सोडतो आणि सूर्योदयानंतर उघडतो.

जाळीचा एक दोष मात्र ध्यानी आला नव्हता. पडवळाच्या वेलावर तीन आठवडे फुले आली, फळ एकही धरेना. पडवळाची झालरदार पांढरी फुले सायंकाळनंतर उमलतात. त्यांवर येणारे निशाचर पतंग जाळीबाहेरच अडत होते. मग चिकित्सालय बंद करून, हाती बॅटरी घेऊन, नरफुलातील पराग मादीफुलाला लावण्याचे काम आम्ही स्वतः केले. मादीफुलाच्या देठाशी इवलेसे पडवळ असते, त्यावरून ते ओळखावे. शेजाऱ्यांची यात पुष्कळ करमणूक झाली. पहिले पडवळ मिळाले, ते ज्वरमुक्तीनंतर पथ्यावर असलेल्या रुग्णास दिले.

औषधनिर्मात्यांचा प्रश्न येथे स्वाभाविक आहे: अशा छताखालील वनस्पती औषधास चालेल काय? चरकाचार्य कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात ऊन, पाणी, वारा व जंतू यांनी ज्यांचे रस-गंध बिघडलेले नाहीत, अशी द्रव्ये ग्राह्य मानतात. एवढ्यावर छताचे समर्थन होते. पण त्याच ठिकाणी द्रव्य आपल्या काळी उपजलेले असावे, असेही ते सांगतात. छताचा मोह नेमका उलट, अकाली पीक काढण्याचा. आमचे मत असे की, ऋतूतील भाजीच्या रक्षणापुरते छत वापरावे. वैशाखात कोबी पिकवण्यासाठी नव्हे. औषधी द्रव्ये उघड्यावरच असावीत. आमचा अडुळसा कुंपणाशी आहे आणि गुळवेल निंबावर चढली आहे. तिला जाळीत आणण्याचा विचारही नाही.

शाकवर्गात चरकांनी श्रेष्ठ ठरवलेली जीवंती, अर्थात लेप्टाडेनिया रेटिक्युलाटा, आम्ही दोनदा लावली. दोन्ही वेळा रोप मेले. ज्या वैद्यबंधूंच्या बागेत तिचा जोमदार वेल असेल, त्यांनी ज्येष्ठाअखेर दोन छाट द्यावेत. मोबदल्यात तांदुळज्याचे बी आणि पडवळाचे एक फळ पोहोचते करू.