अनुभवाच्या रकान्यात काय लिहायचं?

भूमिकेसाठी अर्ज करणाऱ्या आमच्याकडच्या मुलामुलींचे फॉर्म माझ्या हातात येतात, तेव्हा त्यात एक जागा हमखास मोकळी असते. नाव असतं, वय असतं, उंची बहुधा दोन इंच वाढवलेली असते, आणि ‘अभिनयाचा अनुभव’ या शब्दांपुढे एक आडवी रेघ. मुंबई-पुण्याच्या कास्टिंगवाल्यांना मराठवाड्यातले चेहरे हवे असले की ते इथल्या नाटकवाल्यांना गाठतात. त्यांतली मी एक. संभाजीनगरच्या सिडकोतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी ऑडिशन घेते, रेकॉर्ड करून पाठवते. कुणाला घ्यायचं हे माझ्या हातात नसतं. पण कुठली टेप दहा सेकंदांत बंद होते आणि कुठली शेवटपर्यंत पाहिली जाते, हे बघून बघून कळायला लागलं आहे. ती आडवी रेघ बघवत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

वाळूजच्या कंपनीत शिफ्टला जाणारा एक मुलगा आला होता. त्यानंही रेघच मारली होती. चहा पिता पिता मी विचारलं, गाव कुठलं? पैठण तालुक्यातलं. गावात सप्ताह होतो का? होतो की. तू काय करतोस त्यात? तर म्हणाला, “काही नाही मॅडम, मामासोबत भारुडात सोंग घेतो. लहान होतो तवापासून.” संत एकनाथांच्या मुलखातला मुलगा, रात्री बारा वाजता पेंगुळलेल्या गावाला हसवून जागं करतो, लुगडं नेसून म्हातारी उभी करतो, आणि फॉर्मवर मारतो रेघ! मी तिथंच ती रेघ खोडायला लावली आणि लिहून घेतलं: गावच्या सप्ताहात सोंगी भारूड, लहानपणापासून, मुख्यतः स्त्री-सोंगं. टेप बघणाऱ्याला एवढ्या एका ओळीत कळतं की हा माणूस लोकांसमोर उभा राहिलेला आहे.

मला सांगायचं आहे ते एवढंच. कोरेपणा लपवू नका, आणि जे आहे ते फुकटचं समजून गाळू नका. हलगी वाजवता येते, ट्रॅक्टर चालवता येतो, विहिरीत पोहता येतं, कीर्तनात टाळ धरलेला आहे, बाजारात ओरडून माल विकलेला आहे, हे सगळं लिहायचं. भाषाही लिहायच्या. आपल्या शहरात वाढलेल्या पोराला मराठवाडी बोली येते, हिंदी येते, आणि शहागंज-सिटी चौकात कानावर पडून पडून दखनीही जिभेवर बसलेली असते. मुंबईतल्या नटाला ती दखनी शिकवायला माणूस ठेवावा लागतो. आपली मुलं मात्र ऑडिशनला आली की पुस्तकातली मराठी बोलायला लागतात. मला तेव्हा फार वाईट वाटतं.

उलट टोकही पाहिलं आहे. कुणी लिहितं, तीन शॉर्ट फिल्म, दोन वेबसिरीज. दिग्दर्शक कोण होता, असं विचारलं की गप्प. हा धंदा छोटा आहे, एका फोनवर खरं-खोटं होतं. खोटं पकडलं गेलं की त्या भूमिकेसोबत पुढच्याही जातात.

अभिनयाचं शिक्षण नसलेल्या माणसांनी मराठीत जे करून दाखवलं ते सगळ्यांना माहीत आहे, तरी पुन्हा सांगते. ‘फँड्री’मधला जब्या साकारणारा सोमनाथ अवघडे नागराज मंजुळे यांना हलगी वाजवताना दिसला होता; त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 2016 च्या ‘सैराट’मधली रिंकू राजगुरू अकलूजची शाळकरी मुलगी. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मधले लोकशाहीर नारायण कांबळे म्हणजे नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार. त्याच चित्रपटात गटारात मरण पावलेल्या कामगाराच्या बायकोचं काम उषा बने यांनी केलं, आणि त्यांचा नवराही गटारसफाईचं काम करतानाच गेला होता. साक्षीच्या पिंजऱ्यातलं त्यांचं ते सपाट, कोरडं बोलणं मी कितीदा तरी पाहिलं असेल. आणि आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातलं जांबसमर्थ! ‘शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक 2012 मध्ये आलं. लिहिणारे राजकुमार तांगडे शेतकरी, रंगमंचावरची कितीतरी मंडळी शेतात राबणारी, आणि त्यांना बांधून घेणारे दिग्दर्शक नंदू माधव. सबंध महाराष्ट्रानं ते डोक्यावर घेतलं.

पण ही उदाहरणं अर्धीच ऐकली जातात. या प्रत्येक ठिकाणी दिग्दर्शकाकडे वेळ होता. माणूस शोधायला वेळ, त्याच्यासोबत बसायला वेळ, तालमीला वेळ. रोजच्या मालिकेत ती चैन नसते. तिथं सकाळी सीन हातात पडतो आणि थोड्या वेळात शॉट असतो. पाठांतर, जागा, दिवा, समोरच्याचा क्यू हे सगळं एकदम सांभाळणारा माणूस लागतो. म्हणून नवख्याला मालिकेत आधी दोन ओळींचं काम मिळतं. ते मिळालं तर आनंदानं करावं. मात्र गर्दीत उभं राहायचं काम आणि संवाद असलेलं पात्र यांत फरक आहे. कुठल्या कामासाठी बोलावलं आहे, किती दिवसांचं आहे आणि मानधन किती, हे निघण्याआधी लेखी विचारून घ्यायचं. देवगिरी एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करून अंधेरीत पोचल्यावर विचारणं उशिराचं असतं.

आता टेपबद्दल. मोबाईल आडवा, स्टँडवर किंवा पुस्तकांच्या चळतीवर, डोळ्यांच्या उंचीला. खिडकीकडे तोंड करायचं, पाठ नाही. साधा, एकरंगी कपडा. पंखा बंद, उन्हाळ्यात जीव नकोसा होतो, पण आवाज स्वच्छ येतो. आधी परिचय: नाव, वय, खरी उंची, गाव, येणाऱ्या भाषा, दोन्ही बाजूंनी चेहरा, हात दाखवायचे. मग प्रसंग. समोरचे संवाद वाचणारा माणूस कॅमेऱ्याला अगदी लागून उभा करायचा आणि त्यानं हळू वाचायचं. नाहीतर त्याचाच आवाज मोठा येतो. फिल्टर लावलेले फोटो पाठवू नका. त्यांना तुमची कातडी, तुमचे दात, तुमचं टक्कल बघायचं असतं, कारण त्यावरच पात्र ठरतं.

खानावळ चालवणाऱ्या एक ताई एकदा आईच्या भूमिकेसाठी आल्या. प्रसंग साधा होता: मुलगा शहरातून न कळवता घरी आलाय, नोकरी गेलीय, आणि आई त्याला विचारते, “जेवलास का?” ताईंनी ते वाक्य मालिकेतल्या आयांसारखं म्हटलं. हात छातीवर, मान तिरकी, डोळ्यांत पाणी आणायची धडपड. दोनदा, तीनदा, तेच. मग मी स्वयंपाकघरातून परात आणली, ज्वारीचं पीठ दिलं आणि म्हटलं, भाकरी थापा, आणि थापता थापता विचारा. त्यांनी पीठ मळलं, गोळा केला, बोटांनी फिरवत फिरवत थापायला लागल्या. वाक्य आलं तेव्हा वर बघितलंसुद्धा नाही. हात मात्र क्षणभर थांबले, आणि पुढची थाप जरा जोरात पडली. रेकॉर्डिंग करणारा माझा भाचा फोनमागून माझ्याकडे बघत राहिला. ती टेप मी जशीच्या तशी पाठवली, आणि त्यांना बोलावणं आलं. नवख्या माणसाला मी आता आधी हातांना काम देते. हात ओळखीच्या कामाला लागले की चेहरा अभिनय करायचं सोडतो.

पैशाचं स्पष्ट सांगते. ऑडिशनला पैसे लागत नाहीत. ‘रजिस्ट्रेशन फी’, ‘कार्ड काढून देतो’, ‘आमच्याच स्टुडिओत पोर्टफोलिओ करा, मग रोल पक्का’ असं म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. काम मिळवून देणारे कोऑर्डिनेटर कमिशन घेतात, पण ते मिळालेल्या मानधनातून. हॉटेलच्या खोलीत ऑडिशनला बोलावलं तर जायचं नाही. मुलींनी नाही, मुलांनीही नाही.

लहान मुलांच्या आई-वडिलांसाठी कायदा आहे, आणि तो त्यांना कुणी सांगत नाही. चित्रीकरणासाठी निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांहून जास्त नाही, शाळा बुडवून महिनाभर चित्रीकरण नाही. मुलाच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकायचा असतो. हे मागायला लाजू नका.

वाळूजच्या मुलानं मला विचारलं होतं, नोकरी सोडू का? मी त्याला लाम्बेर्तो माज्जोरानीची गोष्ट सांगितली. रोमचा कारखान्यातला कामगार. दिग्दर्शक दे सिका यांनी त्याला 1948 च्या ‘बायसिकल थीव्ज’मध्ये मुख्य भूमिका दिली. जग आजही तो चित्रपट बघतं. त्यानंतर त्याची कारखान्यातली नोकरी गेली आणि तशी भूमिकाही पुन्हा आली नाही. म्हणून म्हटलं, पाळी बदलून घे, नोकरी सोडू नकोस.

आणि मधल्या काळात नाटक कर. या शहरात ते करता येतं. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी, प्रतीक्षा लोणकर ही ‘जिगीषा’ची मंडळी इथूनच मुंबईला गेली. विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे. कॉलेजातल्यांसाठी एकांकिका स्पर्धा आहेत. नोकरदारांसाठी राज्य नाट्य स्पर्धेतली हौशी नाटकं आणि कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धा आहेत. हौशी संघांना माणसं कायम कमी पडतात, विशेषतः पडद्यामागे. तालमी बहुधा रात्री सुरू होतात, कारण सगळेच दिवसभर कुठेतरी कामाला असतात. जाऊन दारात उभं राहायचं आणि सांगायचं, काहीही काम द्या. पहिल्या दिवशी खुर्च्या उचलायला लावतील, आठवड्याभरात कुणीतरी गैरहजर असेल, आणि त्याच्या जागी उभं राहून वाक्यं वाचायला तुम्हालाच सांगतील.