जिभेला हाड नाही, पण रक्त आहे

‘सोनारानेच कान टोचावेत’ ही म्हण आपण उपदेशाच्या संदर्भात वापरतो. मूळचा अर्थ मात्र अगदी व्यवहारातला आहे. ज्याला टोचता येते त्यानेच टोचावे. पूर्वी सोनार घरी येई, पाटावर आजीच्या मांडीत बाळ असे, एक किंकाळी, थोडे हळद-तेल, आणि काही दिवसांत सगळे विसरून जात. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सोळावा अध्याय या विषयावरच आहे. सहाव्या-सातव्या महिन्यात, कानाची पाळी उन्हासमोर धरून जिथून प्रकाश आरपार दिसेल तिथे टोचावे. रक्त फार आले, वेदना फार झाली तर जागा चुकली असे समजावे. इतके नेमके लिहून ठेवले आहे.

जिभेतून ऊन आरपार दिसत नाही. प्रश्न तिथूनच सुरू होतो.

नागपूर-रायपूरला शिकायला गेलेली आपल्याकडची मुले हल्ली सुटीत येतात ती जिभेत पोलादी मणी घेऊन. घरात गहजब होतो. आईला वाटते मुलगी हाताबाहेर गेली. खरे तर जीभ टोचणे आपल्या भागाला नवे नाही. गोंदिया, बालाघाट, राजनांदगाव या पट्ट्यात नवरात्रात जवाऱ्यांची मिरवणूक निघते. बायकांच्या डोक्यावर उगवलेल्या गव्हाच्या टोपल्या, मागे मांदर आणि जसगीते, आणि पुढे अंगात आलेले पुरुष गालातून, जिभेतून लोखंडी बाना आरपार घालून चालतात. बँकेच्या नोकरीत आमगावला होतो तेव्हा हे जवळून पाहिले. (आमगाव तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते, गोंदिया वेगळा झाला १ मे १९९९ रोजी.) आमच्याकडे पीककर्जाला येणारा एक पोरगा त्यात होता. दुसऱ्या दिवशी काउंटरवर आला तेव्हा मी विचारले, दुखत नाही का रे? म्हणाला, ‘देवीचं काम आहे साहेब, काही होत नाही.’

त्याला खरेच काही झाले नव्हते. त्याची कारणे आहेत. बाना काही तासांत निघतो, जखमेत धातू राहत नाही. आणि तोंडाची जखम कातडीच्या जखमेपेक्षा लवकर भरते. रक्तपुरवठा भरपूर, वरून लाळेचे औषध चोवीस तास. मला त्या श्रद्धेची थट्टा करायची नाही. मेक्सिकोतल्या याश्चिलान येथील आठव्या शतकातला एक शिलापट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात माया राजघराण्यातली राणी काटे ओवलेली दोरी जिभेतून ओढून रक्त अर्पण करते आहे. माणसाने देवाला जीभ देण्याची ही ओढ फार जुनी आहे. पण जखमेवर गोवऱ्यांची राख लावतात ना, तिथे माझा विरोध आहे. धनुर्वाताचे बीज शेणामातीत असते. आणि एकच बाना दोघा-तिघांच्या जिभेतून गेला, तर कावीळ ‘ब’, ‘क’ आणि एचआयव्ही यांना देवी अडवत नाही.

मण्याची गोष्ट वेगळी. तो तिथेच राहतो. जीभ म्हणजे स्नायूंचा गोळा. तिच्या दोन्ही बाजूंनी धमन्या जातात आणि खालच्या बाजूला निळ्या शिरा आरशातही दिसतात. म्हणून जाणकार मधोमधच टोचतो, शिरा पाहून टोचतो. यात्रेतल्या पाटावर, कान टोचायच्या बंदुकीने हे काम होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जीभ चांगलीच सुजते, म्हणून पहिली दांडी मुद्दाम लांब घालतात आणि दोन-चार आठवड्यांनी आखूड बदलतात. ती बदलायची राहिली, तर दांडी दातांवर आपटत राहते. दाताचा टवका उडतो, खालच्या पुढच्या दातांमागची हिरडी हळूहळू खाली सरकते, आणि सरकलेली हिरडी आपोआप परत येत नाही. अमेरिकेतील दंतवैद्यांची संघटना तोंडातल्या दागिन्यांना सरळ नकोच म्हणते, ते उगाच नाही.

भोक पक्के व्हायला चार ते आठ आठवडे लागतात. तोवर बर्फाचे तुकडे, गार दही, मऊ भात, जेवणानंतर मिठाच्या कोमट पाण्याने चुळा. आणि खर्रा बंद! आपल्या भागातल्या पोरांना हे सर्वांत जड जाईल. खर्ऱ्याने तोंडाची आतली त्वचाच ताठरते, तोंड उघडेनासे होते. त्यात उघडी जखम म्हणजे काय ते सांगायला नको. सूज पाच-सहा दिवसांनी उतरायला हवी. ती वाढत गेली, ताप आला, हनुवटीखाली कडक सूज आली, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, तर घरगुती उपाय करत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे. हृदयाच्या झडपेचा आजार, मधुमेह किंवा रक्त न गोठण्याचा विकार असलेल्यांनी या वाटेला जाऊच नये.

आणि एक गोष्ट, जी मुंबई-पुण्याच्या मासिकांत सापडणार नाही. आपला जिल्हा सिकलसेलचा आहे. शेजारी भंडारा, गडचिरोली, तिथेही तेच. केवळ वाहक असलेल्याला सहसा त्रास नसतो. पण ज्याला प्रत्यक्ष आजार आहे, त्याची प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते आणि जंतुसंसर्ग त्याला झेपत नाही. शिवाय सुजलेल्या जिभेने पाणी पिववत नाही, शरीर कोरडे पडते, आणि कोरडे पडलेले शरीर हाच सिकलसेलच्या जीवघेण्या कळांचा मोठा बहाणा. सौम्य आजार असलेल्या अनेकांना तो आहे हेच ठाऊक नसते. १ जुलै २०२३ रोजी शहडोलला देशव्यापी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. बोटातल्या थेंबभर रक्तावर पहिली चाचणी होते. लग्न जुळवताना ही तपासणी करा, असे आपण आता सांगू लागलो आहोत. टोचण्याआधी करा, असे कोणी सांगत नाही.

आमच्या शेजारची मुलगी गेल्या दिवाळीत असाच मणी घालून आली. तिच्या आईने मला समजावायला बोलावले. मी म्हटले, बाई, काढ म्हणून मी सांगणार नाही, तो तुझा आणि आईचा प्रश्न; तुझी सिकलसेलची तपासणी झाली आहे का? तिला माहीत नव्हते. आईलाही नव्हते. दोघी सोमवारी रुग्णालयात जाऊन आल्या. मुलगी वाहक निघाली, मण्याला अडचण नव्हती. पण मग घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, आणि तिच्या धाकट्या भावाचे हातपाय दर पावसाळ्यात का दुखतात, हे त्या घराला कळले. त्याचे उपचार सुरू आहेत. मणी अजून जिभेत आहे, आणि आईचा अबोलाही.