श्रेय कोणाचे? प्रोस्टेटचा कर्करोग, आहार आणि पूरक गोळ्या

उतारवयातील पुरुषाला प्रोस्टेटचा, म्हणजे पुरःस्थ ग्रंथीचा, कर्करोग झाल्याचे निदान झाले, की डॉक्टरांची चिठ्ठी घरी पोहोचण्यापूर्वीच आप्तेष्टांच्या शिफारशी येऊन दाखल होतात: साखर वर्ज्य करा, डाळिंबाचा रस घ्या, हळदीच्या गोळ्या चालू करा, आणि अश्वगंधा तर घ्याच घ्या. या शिफारशींमागचा हेतू बहुधा निर्मळ असतो, आणि त्यांच्या पुष्ट्यर्थ दिलेला दाखला, की अमुक गृहस्थ दहा वर्षे चूर्णावर आहेत आणि आजही खडखडीत आहेत, हाही पुष्कळदा खरा असतो. शहानिशा करायची ती दाखल्याची नव्हे, तर त्यावरून काढलेल्या निष्कर्षाची.

गैरसमज: चूर्ण चालू आहे, म्हणूनच रोग इतकी वर्षे वाढला नाही.

वस्तुस्थिती: या कर्करोगाचे काही प्रकार आक्रमक असतात आणि ते हाडांपर्यंत पोहोचतात, परंतु ग्रंथीपुरताच मर्यादित राहिलेला रोग पुष्कळ पुरुषांत इतक्या मंद गतीने चालतो, की त्यावर काहीही न करता केवळ नियमित तपासणी ठेवणे हाही आज एक मान्य मार्ग आहे. ब्रिटनमधील ‘प्रोटेक्ट’ चाचणीत असे 1,643 पुरुष तपासणी, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार अशा तीन गटांत विभागण्यात आले. 15 वर्षांच्या अखेरीस, 2023 साली प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार, तिन्ही गटांत मिळून सुमारे 97 टक्के पुरुष या रोगाने दगावले नव्हते. तपासणीच्या गटातील अनेकांनी पुढे यथावकाश उपचार घेतले आणि त्या गटात रोग पसरण्याचे प्रमाणही इतर दोहोंच्या जवळजवळ दुप्पट होते, ही बाजूही नजरेआड करता येत नाही. तथापि ज्या रोगाची स्वाभाविक चालच इतकी संथ, त्याच्या वाटचालीत मध्येच कोणी एखादे चूर्ण घेऊ लागला आणि पुढे दहा वर्षे बरा राहिला, तर ते कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडण्यासारखेच होय. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 साली केवळ पर्यायी उपचारांवर विसंबलेल्या कर्करोग्यांचा तपास केला, तेव्हा रूढ उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत एकंदरीत त्यांच्या मृत्यूचा धोका अडीचपट आढळला. परंतु प्रोस्टेटच्या रुग्णांत त्या तपासाच्या मुदतीत लक्षणीय फरक दिसला नाही. रोगाच्या या संथपणामुळेच त्याच्या नावावर खपणाऱ्या डब्या आणि बाटल्या इतक्या सहज यशस्वी ठरतात.

गैरसमज: जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी फायदा झाला नाही, तरी अपाय खचितच नाही.

वस्तुस्थिती: या समजुतीची परीक्षा जितकी मोठ्या प्रमाणावर झाली, तितकी क्वचितच दुसऱ्या कोणत्या समजुतीची झाली असेल. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत ‘ई’ जीवनसत्त्व घेणाऱ्यांना हा कर्करोग कमी झाल्याचे 1994 साली आढळले, आणि 1996 साली अमेरिकेत, वास्तविक त्वचेच्या कर्करोगासाठी आखलेल्या एका चाचणीत, सेलेनियमबाबतही तसेच दिसले. दोन्ही ठिकाणी मूळ प्रश्न वेगळाच असल्यामुळे संशोधकांनी त्यावर निवाडा न देता 2001 साली ‘सिलेक्ट’ ही स्वतंत्र चाचणी मांडली, आणि तीत 35,533 निरोगी पुरुषांना ‘ई’ जीवनसत्त्व, सेलेनियम, दोन्ही, किंवा हुबेहूब दिसणारी परंतु औषध नसलेली गोळी दिली. लाभाचे चिन्ह दिसेना, म्हणून 2008 साली गोळ्या थांबवण्यात आल्या. आणि 2011 साली हिशेब पुरा झाला तेव्हा उघड झाले, की रोज 400 युनिट ‘ई’ जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग 17 टक्के अधिक झाला होता: सात वर्षांत दर हजारी 65 च्या जागी 76. ही चाचणी रोगप्रतिबंधाची होती, रुग्णांच्या उपचाराची नव्हे, हे खरे. परंतु ‘अपाय तर नाही’ हा जो बिनशर्त जामीन आपण अशा गोळ्यांना देतो, तो तिने कायमचा रद्द केला.

गैरसमज: पी.एस.ए. उतरला, म्हणजे वनस्पतीचा गुण आला.

वस्तुस्थिती: पी.एस.ए. हे रक्तातील एक प्रथिन आहे. त्याच्या आकड्यावरून रोगाविषयी अनुमान बांधता येते, पण तो आकडा म्हणजे रोग नव्हे. गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ‘पीसी-स्पेस’ नावाचे आठ वनस्पतींचे मिश्रण खपत असे, आणि ते घेणाऱ्यांचा पी.एस.ए. खरोखरच उतरत असे, मोठमोठ्या रुग्णालयांतील डॉक्टरही त्याचा गांभीर्याने अभ्यास करू लागले होते. पुढे प्रयोगशाळांनी पृथक्करण केले तेव्हा काही नमुन्यांत डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम स्त्री-संप्रेरक आणि वॉर्फरिन हे रक्त पातळ करणारे औषध सापडले, आणि 2002 साली हे मिश्रण बाजारातून मागे घेण्यात आले. स्त्री-संप्रेरकाने हा रोग काबूत येतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 सालीच दाखवून दिले होते आणि त्याबद्दल त्यांना 1966 साली नोबेल पारितोषिकही मिळाले होते. तेव्हा वनस्पतींच्या नावे जमा झालेल्या श्रेयात छुप्या औषधाचा वाटा किती, हे सांगणेच अशक्य होऊन बसले.

डाळिंबाची कैफियत याहून प्रामाणिक, पण तितकीच बोधप्रद आहे. 2006 सालच्या एका अभ्यासात रस घेणाऱ्या रुग्णांचा पी.एस.ए. दुप्पट होण्यास पूर्वी सरासरी 15 महिने लागत, ते पुढे 54 महिने लागू लागले, आणि या आकड्याची दवंडी सर्वत्र पिटली गेली. परंतु त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. पुढे तुलनेचा गट ठेवून चाचणी झाली, तेव्हा ज्यांना डाळिंबाचा अंशही दिला नव्हता त्यांचीही मुदत वाढल्याचे दिसले, आणि गटागटांतील फरक लक्षणीय ठरला नाही. केसांच्या वाढीसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेने तर काही यंत्रांवर पी.एस.ए.चा आकडाच खोटा, म्हणजे प्रत्यक्षाहून कमी, येऊ शकतो. अशा वेळी रोग जागच्या जागी असतो आणि घरात मात्र पेढे वाटले जातात.

गैरसमज: साखर सोडली, पालेभाजी वाढवली, की कर्करोग उपाशी मरतो.

वस्तुस्थिती: कर्कपेशी साखर अधिक वापरतात हे ओटो वारबुर्ग यांचे निरीक्षण जुने आहे, परंतु प्रोस्टेटचा कर्करोग आरंभी साखरेचा इतका भोक्ता नसतो, आणि म्हणूनच साखरेवर आधारलेले नेहमीचे पेट स्कॅन येथे फारसे उपयोगी न पडता पी.एस.एम.ए. नावाचे निराळे स्कॅन करावे लागते. शिवाय आपण साखर खाल्ली नाही, तरी यकृत रक्तातील साखर राखतेच. भाजीपाल्याची परीक्षाही झाली आहे: नियमित तपासणीवर असलेल्या 478 अमेरिकी पुरुषांपैकी निम्म्यांना मार्गदर्शन करून भाज्या वाढवायला लावल्या, त्यांनी त्या खाल्ल्याही, पण 2020 साली प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार दोन वर्षांत रोगाच्या वाटचालीत फरक पडला नाही.

यावरून आहार निरर्थक ठरत नाही. त्याचे काम वेगळे आहे, एवढेच ठरते. संप्रेरकरोधक उपचारांनी स्नायू झडतात, चरबी वाढते, हाडे ठिसूळ होतात, मधुमेह आणि हृदयविकार यांचा धोका बळावतो. आणि येथे डाळ, अंडी, मासे, दही यांतील प्रथिने, बेताची साखर, रोजचे चालणे आणि थोडा वजनाचा व्यायाम यांची खरी गरज पडते. कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व यांनाही येथे रास्त स्थान आहे, पण रक्त तपासून आणि डॉक्टरांनी मात्रा ठरवून दिल्यावर. कर्करोगाला उपाशी मारण्याच्या भरात रुग्णच उपाशी राहिला आणि त्याचे वजन उतरले, तर ज्या शरीराने उपचार सोसायचा तेच खचते.

गैरसमज: आपल्या स्वयंपाकघरातले ते निर्धोकच असणार.

वस्तुस्थिती: आमटीतली चिमूटभर हळद आणि मिरीचे सत्त्व घालून शोषण वाढवलेली हळदीच्या अर्काची गोळी, या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, दुसरीमुळे यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत. अश्वगंधेने काही पुरुषांत टेस्टोस्टेरॉन वाढल्याचे आढळले आहे, आणि ज्या रोगात तेच संप्रेरक कमी करण्यासाठी इंजेक्शने चालू असतात, तेथे ती घेणे म्हणजे उपचाराच्या उलट दिशेने जाणे होय. साध्या न्याहारीचेही तेच. या रोगावरील अबिराटेरोन ही गोळी सामान्यतः उपाशीपोटी घ्यायची असते, कारण स्निग्ध जेवणाबरोबर घेतल्यास तिचे रक्तातील प्रमाण दसपटीपर्यंत वाढू शकते. तुपातला शिरा खाऊन लगेच ती गोळी घेणारा रुग्ण पथ्य मोडल्याच्या शंकेनेही अस्वस्थ होत नाही, परंतु त्याच्या रक्तात मात्रा भलतीच झालेली असते. म्हणून घरातील प्रत्येक चूर्ण, काढा आणि गोळी डॉक्टरांपुढे रुजू करावी, आणि शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार तोंडावर असतील तर हे अगोदरच करावे.

पूरकांवर सरसकट बंदीचा हुकूम काढण्याचे कारण नाही. काही ठिकाणी त्यांची निकड आहे, आणि उद्या एखादे कसोटीला उतरेलही. मात्र ज्या रोगात काही न करणारा माणूसही पुष्कळदा वर्षानुवर्षे बरा राहतो, तेथे ‘बरे वाटलेल्या’ शंभर लोकांची साक्ष पुरेशी होत नाही. ते चूर्ण न घेतलेल्या, पण इतर सर्व बाबतींत तशाच असलेल्या लोकांचे काय झाले, हे विक्रेत्याला विचारावे, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत चालू उपचारात खंड पडू देऊ नये.