घर सावकाश सजावे

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या १९ व्या अध्यायात व्रणितासाठी प्रथम योग्य आगार शोधावयास सांगितले आहे; ते स्वच्छ, ऊन व वारा यांपासून सुरक्षित असावे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात जाड दगडी भिंती व मातीची जड माळवदे कोसळून हजारो जीव गेले. पुढे लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्याने वसविली गेली. घरे मिळाली, परंतु जुना शेजार व वाड्याचे अंगण हरपले. रहिवाशांनी वर्षानुवर्षे ओसरी, पडवी, झाडे अशी एकेक जोड देत ती आपलीशी केली.

वैद्यबंधूंनी व औषधालयचालकांनीही हाच क्रम ठेवावा: आधी भिंतींची मजबुती, मग उजेड व हवा, शेवटी शोभा. रुग्णाच्या डोक्यावरील फळीवर काढ्यांच्या जड बरण्या कदापि ठेवू नयेत.