परवाना कुणाच्या कमरेला?

बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची 9 डिसेंबर 2024 रोजी अपहरण करून हत्या झाली. त्या हत्येत बंदूक वापरली गेली नव्हती. अमानुष मारहाणीत त्यांचा जीव गेला. पण त्यानंतर उठलेल्या धुरळ्यात जिल्ह्यातला एक जुना हिशेब वर आला. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी मांडलेल्या आकड्यांनुसार बीडमध्ये शस्त्रपरवाने 1222 आणि शेजारच्या परभणीत 32. 2011 च्या जनगणनेत बीडची लोकसंख्या सुमारे 25 लाख 85 हजार होती, परभणीची 18 लाख 36 हजार. माणसे दीडपटही नाहीत आणि परवाने अडतीसपट. बीडच्या माणसाच्या जिवाला परभणीकरापेक्षा अडतीसपट धोका आहे, असे कोणताही फौजदार सांगणार नाही. मग हे परवाने कशाच्या आधारावर दिले गेले? पुढे प्रशासनाने फेरतपासणी केली, शंभराहून अधिक परवाने रद्द झाले, हवेत गोळीबार करून त्याचे व्हिडिओ टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदवले गेले. रद्द करता आले याचाच अर्थ असा, की ते परवाने देताना किंवा त्यांचे नूतनीकरण करताना कुणीतरी नीट पाहिले नव्हते.

खासगी बंदुकीचा वाद आपल्याकडे बहुधा अमेरिकेच्या भाषेत मांडला जातो: हक्क हवा की बंदी हवी. तिथे 1791 च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क दिला आहे. ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’च्या 2018 च्या अंदाजानुसार तिथे नागरिकांकडे 39 कोटींहून जास्त बंदुका आहेत, म्हणजे डोक्यांपेक्षा बंदुका जास्त. आपल्या घटनेत असा हक्क नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये बेकायदा शस्त्रांच्या प्रकरणात हा फरक मुद्दाम अधोरेखित केला. आपल्याकडे 1959 चा शस्त्र अधिनियम परवाना मागणाऱ्याची गरज पाहतो. त्यामुळे कायदा कडक की ढिला, यापेक्षा ही गरज कोण तपासतो आणि कशी तपासतो, हा आपल्याकडचा खरा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की मराठवाड्यात ही तपासणी उलटी झाली आहे. कायद्याने ज्याला झुकते माप दिले तो शेतकरी मागे राहिला, आणि ज्याने सबळ कारण सिद्ध करायचे त्याच्या कमरेला पिस्तूल आले.

हे झुकते माप कलम 13 मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, किंवा संरक्षणासाठी अथवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची बिनआट्यांची बंदूक मागितली, तर बाकी अटी पूर्ण होत असताना परवाना द्यावा, असे हे कलम म्हणते. ठासणीच्या बंदुकीने राखण होणार नाही असे अधिकाऱ्याला वाटले, तर दुसरी बिनआट्यांची बंदूकही देता येते. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर मागणाऱ्याने मात्र ‘सबळ कारण’ आहे, असे जिल्हादंडाधिकाऱ्याला पटवून द्यायचे असते. यामागचा विचार साधा आहे. लांब नळीची बंदूक लपवता येत नाही, ती रानात शोभते. पिस्तूल सदऱ्याखाली मावते आणि माणसावरच चालते. आता लातूर जिल्ह्यातल्या देवणी तालुक्याकडे पाहा. कर्नाटकाच्या सीमेला लागलेला, गायीच्या नावाजलेल्या जातीला स्वतःचे नाव देणारा हा तालुका सोयाबीन आणि तुरीवर जगतो. रानडुकरे आणि हरणांचे कळप कोवळ्या पिकात शिरले की शेतकरी रात्र रात्र जागलीवर काढतो, डबे वाजवतो, फटाके उडवतो. शस्त्राची सांगता येण्याजोगी, पंचनाम्यात दाखवता येण्याजोगी गरज कुणाची असेल तर ती याची. मात्र बंदूक हातात आली तरी गोळी झाडता येतेच असे नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वनखात्याची परवानगी लागते, आणि काळवीट तर पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणून प्रत्येक शेतकऱ्याला बंदूक द्या, असे मी म्हणणार नाही. वनखात्याने तालुक्यात प्रशिक्षित नेमबाज नेमावेत, कुंपणाला अनुदान द्यावे, नुकसानभरपाई हंगाम संपण्याआधी द्यावी, हे जास्त शहाणपणाचे. पण ज्याची गरज सर्वांत खरी त्याला ‘आधी दुसरा उपाय बघ’ असे सांगायचे असेल, तर तोच प्रश्न गाडीत पिस्तूल घेऊन हिंडणाऱ्यालाही विचारला गेला पाहिजे.

यावर पहिला आक्षेप येतो तो गावठी कट्ट्यांचा. खून परवान्याच्या बंदुकीने होत नाहीत, मग परवानाधारकांच्या मागे का लागता? आक्षेपात तथ्य आहे. देशात बंदुकीने होणाऱ्या बहुसंख्य खुनांत बेकायदा शस्त्रे असतात. जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून मध्य प्रदेशात असलेल्या उमर्टी गावातून येणारे कट्टे राज्यभरातल्या पोलिसांच्या फिर्यादींत वर्षानुवर्षे दिसतात. तिथे कारवाई हवीच, आणि शस्त्र अधिनियमाच्या 2019 च्या दुरुस्तीने बेकायदा निर्मितीला जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली आहे. पण परवान्याचे शस्त्र निरुपद्रवी असते, हा त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. अंबाजोगाईत वाढलेले प्रमोद महाजन केंद्रात मंत्री झाले, पक्षाचे पहिल्या फळीचे नेते झाले. 22 एप्रिल 2006 रोजी मुंबईतल्या घरात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या त्या सख्ख्या भावाने, परवान्याच्या पिस्तुलातून. 3 मे रोजी ते गेले. फेब्रुवारी 2024 मध्ये उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यातच आमदाराने प्रतिस्पर्ध्यावर गोळीबार केल्याचा गुन्हा नोंदवला गेला. त्याच आठवड्यात दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर मारले गेले ते मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावर असलेल्या पिस्तुलाने. कट्टा गुन्हेगार आणतो, तो ठरवून आणतो. परवान्याचे पिस्तूल घरात, गाडीत, रागाच्या क्षणी हाताशी असते. भाऊबंदकी, जमिनीचा वाद, निवडणुकीतली खुन्नस यांची मराठवाड्यात वानवा नाही.

दुसरा आक्षेप भीतीचा आहे, आणि तो हेटाळण्यासारखा नाही. 5 एप्रिल 2022 रोजी नांदेडमध्ये एका बांधकाम व्यावसायिकाला भरदिवसा घराच्या दारात गोळ्या घालून मारण्यात आले. खंडणीच्या धमक्यांखाली जगणाऱ्या व्यापाऱ्याने स्वतःच्या रक्षणाची सोय मागितली तर त्याला दोष कसा द्यायचा? ज्याची धमकी पोलिसांत नोंदलेली आहे, ज्याचा धोका तपासून लिहिलेला आहे, त्याला परवाना मिळावा. पण अशा हल्ल्यांत काय घडते तेही पाहावे. मारेकरी पाळत ठेवून येतात, माणूस गाडीतून उतरत असतानाच गोळ्या झाडतात; खिशातले पिस्तूल खिशातच राहते. त्या व्यापाऱ्याला वाचवतो तो वेळेवर नेमलेला बंदोबस्त आणि खंडणी मागणाऱ्या टोळीचा तपास. परवाना देऊन हात झटकणारे सरकार हे काम टाळत असते.

तिसरा आक्षेप इतिहासाचा, आणि या भागात तो सर्वांत जोरदार ऐकू येतो. 1878 च्या कायद्याने इंग्रजांनी भारतीयांना निःशस्त्र केले. गांधीजींनीही त्या कायद्यावर कडाडून टीका केली होती. निजामाच्या राज्यात रझाकारांकडे हत्यारे होती आणि गावे उघडी पडली होती. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचाच वकील. देवणीचा हा पट्टा तेव्हा बीदर जिल्ह्यात होता, आणि उदगीरजवळच्या हत्तीबेटावर किसान दलाच्या तरुणांनी हत्यारानिशी झुंज दिली, तिचा अभिमान आजही आहे, असावा. पण त्या इतिहासाचे पुढचे पानही वाचावे लागते. निजामाच्या संस्थानावर झालेल्या सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतर केंद्राने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे सर्वाधिक होरपळलेले जिल्हे म्हणून नोंदवले आणि संस्थानातल्या बळींचा आकडा किमान 27 ते 40 हजार असा सांगितला. एका बाजूची हत्यारे काढून घेतली गेली आणि दुसऱ्या बाजूची राहू दिली गेली, अशीही नोंद त्यात आहे. हत्याराच्या जोरावर आधी एका बाजूने दुसरीला चिरडले आणि मग दुसरीने पहिलीला. या भूमीने शिकवले असेल तर एवढेच, की हत्यारे कुणाकडे राहतात हे ठरवणारा निःपक्षपाती नसेल तर दुबळा कधीच सुरक्षित राहत नाही.

2019 च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि त्याच वेळी परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली. पहिला बदल योग्य, दुसरा माझ्या मते चुकला. पाच वर्षांत माणसावर गुन्हे दाखल होतात, त्याची धमकी संपते, त्याचा राजकीय पक्षही बदलतो. कलम 17 खाली परवाना मध्येच रद्द करता येतो, पण ते कुणी तक्रार केली किंवा बीडसारखा गदारोळ झाला तरच घडते. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांची यादी तपासून हत्यारे ठाण्यात जमा करून घेण्याची पद्धत आहे. म्हणजे यादी तयार असते, तपासणीची यंत्रणाही असते. तीच तपासणी दरवर्षी व्हावी, आणि तालुकावार परवान्यांची संख्या व कारणांची वर्गवारी, व्यक्तींची नावे न सांगता, जिल्हाधिकारी कार्यालयाने दरवर्षी जाहीर करावी. तोवर लातूर आणि नांदेडच्या वाचकांनी एक काम करावे. आपल्या तालुक्यात पीकराखणीसाठी किती परवाने आहेत आणि पिस्तुलाचे किती, हे माहिती अधिकाराच्या दहा रुपयांच्या अर्जाने विचारावे आणि आलेले उत्तर ग्रामसभेत वाचून दाखवावे.