वाणी किड्यावरचे ठिपके

कोपनहेगन विद्यापीठातल्या आना सोफिया रेबोलेइरा एकदा ट्विटर चाळत होत्या. समोर आला अमेरिकेतल्या एका सहस्रपाद किड्याचा फोटो. आपल्याकडे पावसाळ्यात अंगणात निघतो आणि काडी लागली की चकलीसारखं वेटोळं घालतो, त्या वाणी किड्याचाच हा भाऊबंद. फोटो टाकला होता व्हर्जिनिया टेकच्या डेरेक हेनन यांनी. रेबोलेइरांची नजर अडकली ती किड्याच्या अंगावरच्या बारीकशा ठिपक्यांवर. ही बुरशी तर नव्हे? अशी बुरशी अमेरिकी सहस्रपादांवर तोवर कुणाला दिसलेली नव्हती.

सहकारी हेन्रिक एंगहॉफ यांना घेऊन त्यांनी तडक संग्रहालय गाठलं, जपून ठेवलेले किडे सूक्ष्मदर्शकाखाली घातले. बुरशी सापडली! २०२० मध्ये नव्या प्रजातीचं बारसंही झालं : ट्रोग्लोमायसिस ट्विटरी.

प्राध्यापक आणि समाजमाध्यमं म्हटलं की आपल्याला आठवतो तो शाल-श्रीफळाचा फोटो आणि खाली ‘अभिनंदन सर’ची रांग. त्यात वाईट काही नाही, पण त्यातून कुणाच्या हाती काही लागतही नाही. हेनन यांनी सत्काराचा नव्हे, किड्याचा फोटो टाकला होता.

२०११ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या गयानात कुयुनी नदीतले मासे गोळा करणाऱ्या चमूलाही असेच फोटो कामी आले. पाच हजारांहून जास्त नमुने आठवड्याभरात ओळखून यादी दिली, तरच ते देशाबाहेर नेता येणार होते. त्यांनी फोटो फेसबुकवर टाकले आणि चोवीस तासांत जवळपास नव्वद टक्के मासे ओळखले गेले. कारण त्यांच्या मित्रयादीत मत्स्यतज्ज्ञ भरलेले होते. अशी यादी जमायला मात्र वर्षं जातात. गरज पडल्यावर खातं उघडून भागत नाही.

छापून आलेल्या लेखाचं काय? तेव्हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये असलेल्या मेलिसा टेरास यांनी आपले जुने शोधनिबंध सर्वांना मोफत वाचता येतील असे ठेवले आणि एकेकाची गोष्ट सोप्या भाषेत सांगत ट्विटरवर दुवा दिला. एक निबंध तोवर फक्त दोनदा उतरवून घेतला गेला होता. दुवा दिल्याबरोबर तो आकडा १४० च्या घरात गेला. आपल्याकडच्या पीएचडीधारकाचा प्रबंध बहुधा ‘शोधगंगा’वर असतोच. त्यातला एखादा नकाशा नि चार ओळी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकायला पाच मिनिटं लागतात.

सगळंच चव्हाट्यावर मांडायचं नसतं, हेही खरं. १९९९ मध्ये चीनमधल्या एका देखण्या पालीचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि तिचा ठावठिकाणा कळताच पाळीव प्राण्यांच्या व्यापाऱ्यांनी ती तिथून पार साफ केली. तेव्हा तर प्रत्येकाच्या हाती फोनही नव्हते. सह्याद्रीतल्या एखाद्या पालीचा किंवा बेडकाचा फोटो टाकताना जाणते अभ्यासक तालुक्याचं नावही म्हणूनच गाळतात.

ट्विटर २०२३ मध्ये ‘एक्स’ झालं. बुरशी अजून ट्विटरीच आहे.